वाटीभर युक्ती, चिमूटभर मानधन



जानेवारी महिना लागला की आमच्या मेहरूणच्या बोरांची आठवण काढणारे कोणी ना कोणी भेटतेच. आकाराने लहान, लांबट, पातळ सालीचे आणि चवीला गोड असे हे बोर. फळझाडांच्या पुस्तकांत उमराण, कडाका, गोला या जातींच्या रांगेत ‘मेहरूण’ हे नाव आजही वाचायला मिळते. मेहरूण गाव आता जळगाव महानगरपालिकेत आहे. तलाव आहे, पण भोवताली घरे झाली आणि बोरी पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत. आमच्या घरामागे चार बोरी होत्या. त्या चार झाडांमुळे मी लिहिता झालो. ती हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. ती सांगण्यात माझा थोडा स्वार्थही आहे. हा लेख वाचून तुमच्यापैकी चार जणांनी तरी कागद-पेन घेऊन बसावे, अशी माझी इच्छा आहे.

मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो आणि शेती खात्यात नोकरीला लागलो. आज पन्नाशी ओलांडली. खात्याचे काम म्हणजे गावोगाव हिंडणे, शेतकऱ्यांशी बोलणे, बियाणे, खते, कीड-रोग यांची माहिती देणे. या हिंडण्यात एक गोष्ट लवकर ध्यानात आली. शेताची माहिती विचारायला पुरुष मंडळी पुढे येतात. पण घरात आलेले धान्य वर्षभर टिकवायचे, बियाणे राखायचे, दुखणे-खुपणे सांभाळायचे, हे सगळे शास्त्र घरातल्या बायकांच्या हातात असते. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. सासूकडून सुनेकडे जाते आणि सून शहरात गेली की तिथेच थांबते.

पहिली मनीऑर्डर

१९९४ सालची गोष्ट. माझी आई (आम्ही तिला माय म्हणतो) दरवर्षी बोरे सुकवायची. एके वर्षी शेजारणीची सगळी बोरे बुरशीने गेली आणि मायची मात्र उन्हाळ्यापर्यंत टिकली. मी विचारले, तेव्हा माय म्हणाली, “ती रात्री अंगणातच ठेवते. मी दिवस मावळायच्या आधी उचलते.” एवढेच कारण होते. थंडीच्या दिवसांत रात्री दव पडते. दिवसभर उन्हाने गेलेला ओलावा रात्री परत येतो, आणि चार-सहा दिवस असे झाले की बुरशी धरते. पिकलेली, न किडलेली बोरे निवडायची, धुऊन निथळायची, धुतलेल्या कापडावर एका थरात पसरायची, वरून पातळ कापड टाकायचे आणि संध्याकाळ व्हायच्या आत घरात घ्यायची. ही मायची रीत मी आठ ओळींत लिहून एका साप्ताहिकाला पाठवली. महिन्याभराने ती छापून आली आणि त्यामागून दहा रुपयांची मनीऑर्डर आली.

पोस्टमनने ते दहा रुपये ओट्यावर मोजून दिले. मी मोठ्या दिमाखाने अंक उघडून मायला वाचून दाखवला. तिने सगळे ऐकले. मग विचारले, “आणि हे कोणी सांगितलं, ते कुठंय?” मी म्हणालो, “माय, खाली माझं नाव आहे ना.” ती काही बोलली नाही. सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. ज्याची युक्ती, त्याचे नाव. नाव द्यायला कोणी लाजत असेल तर निदान ‘अमुक गावच्या एका आजीबाई’ असे तरी लिहायचे. दुसऱ्याच्या अनुभवावर आपले नाव छापणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडून आणणे.

न लिहिलेले किती गेले असेल?

याच आमच्या मुलखातली एक मोठी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, घरात दळताना त्या ओव्या रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी त्यातल्या जमतील तेवढ्या कागदावर उतरवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आता विचार करा. घरातल्या कोणी पेन हाती घेतले नसते तर? आणि जे उतरवायचे राहून गेले, ते किती असेल? आपल्या घरातली प्रत्येक आजी काही बहिणाबाई नसते, हे खरे. पण बिबडे करताना पीठ किती आंबवायचे, दादरचे पोते भिंतीपासून किती दूर ठेवायचे, गाभण गाईला काय चारायचे, हे तिला जे ठाऊक असते ते तिच्याबरोबर जाऊ नये एवढे तरी आपण करू शकतो. त्याला कवी असावे लागत नाही. लिहिणारा हात हवा आणि विचारणारे तोंड हवे.

साभार परत

पहिल्या मनीऑर्डरीने मी चढलो. आता आपण लेखक झालो, असे वाटू लागले. पुढच्या वर्षभरात मी अकरा लेख पाठवले. तीन छापून आले, पाच ‘साभार परत’ आले आणि तिघांचे काय झाले ते आजतागायत कळले नाही. त्या काळी लेखाबरोबर आपला पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवावे लागे. आपल्याच अक्षरातला पत्ता असलेले जाड पाकीट पोस्टमनच्या हातात दिसले की समजायचे, लेकरू नापास होऊन घरी आले.

एका संपादकांनी मात्र परत पाठवताना कोपऱ्यात पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘हे परिपत्रक झाले. घरी आईला सांगाल तसे लिहा.’ मला राग आला. पण रात्री लेख पुन्हा वाचला आणि पटले. ‘सदर धान्याची योग्य ती साठवणूक करण्यात यावी’ असे मी लिहिले होते. मायला मी असे कधी बोललो असतो का? तिला म्हणालो असतो, ‘माय, पोते जमिनीवर टेकवू नकोस, खाली फळी टाक.’ मग लेख तसाच लिहिला आणि तो छापून आला. वाचकहो, तुम्ही लिहाल तेव्हा हे एवढे लक्षात ठेवा. तुम्ही बोलता तेच मराठी छापायच्या लायकीचे असते. लेखनासाठी वेगळा कोट चढवायची गरज नाही.

मानधनाचेही खरे सांगतो, कारण या बाबतीत पुष्कळ जणांची फसगत होते. फुटकळ लेखनावर चूल पेटत नाही. माझ्या चांगल्यात चांगल्या वर्षी मुलीच्या शाळेची वह्या-पुस्तके आणि दप्तर एवढे निघाले. वाईट वर्षी टपालखर्च अंगावर आला. एक नियतकालिक माझे तीन लेख पोटात घेऊनच बंद पडले. एकदा माझी युक्ती शब्दाला शब्द दुसऱ्याच नावाने छापलेली पाहिली. एका ठिकाणी माझे आडनाव असे छापले होते की सासुरवाडीच्या लोकांनी, ‘हे कोण?’ म्हणून विचारले. नोकरी होती म्हणून हे सगळे सोसले. शेती हीच तुमची नोकरी. लेखन हा बांधावरचा शेवगा समजा. आला तर आला, पण त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

मग लिहायचे कशाला? याचे उत्तर मला एका पोस्टकार्डाने दिले. ते पोस्टकार्ड कौतुकाचे नव्हते.

एक पोते दादर

आमच्या खानदेशात रब्बी ज्वारीला दादर म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती घरात येते आणि तिच्यावर वर्ष काढायचे असते. एका वर्षी मी धान्य साठवणीवर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होते : ‘कोठीत धान्याच्या थरांमध्ये कडुनिंबाचा पाला घालावा.’ दीड महिन्याने पारोळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून पोस्टकार्ड आले. अक्षर शाळकरी मुलीचे. मजकूर असा की, तुमचे वाचून आईने पाला घातला, कोठीतले धान्य गरम झाले, वास येतो, आता काय करावे?

मी सुटीच्या दिवशी एसटीने त्या गावी गेलो. बाई विधवा होती. दीड एकराची शेती, दोन मुली. कोठीचे झाकण काढले आणि तो कोंदट वास आला, तेव्हाच मला कळले. तिने झाडावरून ताजा पाला ओरबाडून आणून थरांमध्ये घातला होता. ताज्या पाल्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. बंद कोठीत ते पाणी दुसरीकडे कुठे जाणार? ते दाण्यात उतरते. ओलसर दाणा श्वास घेऊ लागतो, त्याची ऊब तयार होते आणि त्या उबेला बुरशी धरते. पाल्याभोवतीचे सुमारे पोतेभर धान्य वाया गेले होते. ते जनावरांनाही घालू नका असे मला सांगावे लागले, कारण बुरशीचे विष जनावराच्याही पोटात जाते.

मी विचारले, “बाई, पाला ओला आहे हे कळलं नाही का?” ती अहिराणीत म्हणाली, “हातले वल्लं लागे, पन छापेल शे म्हनीसन टाकं.” हाताला ओले लागत होते, पण छापले आहे म्हणून टाकले.

घरी येऊन मी कच्ची वही काढली. त्यात ‘सावलीत वाळवलेला पाला’ असे माझ्याच अक्षरात होते. साफ प्रत करताना ते दोन शब्द मीच गाळले होते. वाटले होते, एवढे कोणाला कळत नाही? लेख तेवढाच आटोपशीर दिसतो! त्या लेखाचे मला पंचवीस रुपये मिळाले होते आणि एका विधवेचे पोतेभर धान्य गेले होते. माझ्या वाढलेल्या आणि आटलेल्या सगळ्या मानधनाचा हिशेब त्या दिवशी एका बाजूला पडला.

मी घरची एक पोते दादर तिच्याकडे नेली. तिने अर्धीच घेतली. ‘अर्धी चूक माझी,’ म्हणाली. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या गोष्टीतून मी काय शिकलो ते सांगतो.

माप सांगा, रीत सांगा

शेतकऱ्याच्या घरात छापलेल्या अक्षरावर विश्वास असतो. कधी कधी स्वतःच्या हातापेक्षाही जास्त. म्हणून युक्ती लिहिणाऱ्याने तिचे माप, तिची वेळ आणि तिचा धोका या तिन्ही गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. ‘थोडे’, ‘अंदाजे’, ‘मूठभर’ या शब्दांवर सोडू नये. मी एकदा मायची मूठ आणि माझी मूठ मीठ काट्यावर घातले, तर दोन्हींत चांगलाच फरक निघाला. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली आले आणि घरोघर गेले. त्याचे एक कारण हेच, की त्यात वाटी-चमच्याचे माप दिले होते. नव्या सुनेलाही त्यावरून स्वयंपाक जमत होता.

मापाने लिहिलेल्या चार युक्त्या खाली देतो. या सगळ्या करून पाहिलेल्या आहेत आणि शास्त्रालाही धरून आहेत. त्या उपयोगी पडतीलच, शिवाय युक्ती कशी लिहावी याचा नमुना म्हणूनही वाचा.

१. दादर किंवा गहू कोठीत भरण्यापूर्वी कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली धरला की ‘कट्ट’ असा आवाज होऊन फुटला पाहिजे. दबला तर आणखी ऊन द्यावे. उन्हातून उचललेले गरम धान्य तसेच भरू नये, गार होऊ द्यावे. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत इतका वाळवावा की मुठीत चुरडला की चुरा व्हावा. पाला वाकला, तुटला नाही, तर तो अजून ओला आहे.

२. वर्षाच्या तूरडाळीला एरंडेल लावताना एक किलो डाळीला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर तेल पुरते. डाळ आधी चांगली वाळलेली असावी. तेल दोन्ही हातांनी चोळून सगळ्या डाळीला लागले पाहिजे. ओलसर डाळीला तेल लावले तर किडीपासून वाचेल, पण बुरशीपासून नाही.

३. बाजरीच्या बियाण्यात अरगटाचा दोष असेल तर मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करावी. माप असे : १० लिटर पाणी, २ किलो मीठ. मीठ पूर्ण विरघळले की बियाणे त्यात ओतून ढवळावे. वर तरंगेल ते हलके व रोगट बी काढून जाळून टाकावे; कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नये. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे आणि सावलीत वाळवावे. धुणे विसरलात तर मिठाने उगवण बिघडेल.

४. लेकराला जुलाब लागले तर आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते, ती आधी वापरावी. पुडी हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा. इथे ‘सपाट’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. शिगोशीग चमच्याने मीठ जास्त जाते आणि जास्त मीठ लहान लेकराच्या जिवाला धोक्याचे असते.

पाहा, चौथ्या युक्तीतला एक शब्द गाळला तर काय होईल? माझ्या लेखात दोन शब्द गाळले आणि पोते गेले. इथे तर पोत्याचाही प्रश्न नाही.

न लिहावी अशी युक्ती

काही युक्त्या करणाऱ्याला गुण आला तरी लिहू नयेत. एकदा एका सद्‌गृहस्थांनी मला मोठ्या आपुलकीने कळवले, की ते धान्याच्या कोठीत वायू सोडणारी विषारी गोळी फडक्यात बांधून ठेवतात आणि एकही किडा होत नाही. कोठी होती झोपायच्या खोलीत! त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीला हवेतली दमट लागली की फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. म्हणूनच त्या गोळ्यांच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्याने बंधने आहेत. प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीशिवाय त्या वापरायच्या नसतात. मी त्यांना उलट टपाली लिहिले की, आजच गोळी बाहेर काढू नका, आधी माणसे बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा आणि जाणत्याला बोलवा. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची चालही काही घरांत असे. पारा हे विष आहे. खाण्याच्या धान्याजवळ त्याचे काम नाही.

हल्ली मोबाइलवर अशा युक्त्यांचा पाऊस पडतो. कोणी सांगितले, कुठे केले, किती माप घेतले, याचा पत्ता नसतो. एकाने पाठवले की दहा जण पुढे ढकलतात. छापील अक्षरावर जसा त्या बाईचा विश्वास होता, तसा आज पडद्यावरच्या अक्षरावर आहे. तुम्ही पुढे ढकलण्यापूर्वी एवढेच विचारा : हे कोणी केले, आणि बिघडले तर काय होते? उत्तर मिळाले नाही तर ते तिथेच थांबवा.

लिहायला बसताना

आता तुमच्यापैकी ज्यांना लिहावेसे वाटेल त्यांच्यासाठी माझ्या तीस वर्षांच्या ठेचांमधून चार गोष्टी.

युक्ती आधी स्वतः करून पाहा. जमल्यास दोन वेळा. कोणत्या महिन्यात केली, किती माप घेतले, किती दिवस टिकले हे एका वहीत टिपून ठेवा. पहिल्या वेळी बिघडले असेल तर तेही लिहा. बिघडलेले वाचून वाचक जास्त शिकतो.

लेख हंगामाच्या पुढे धावला पाहिजे. दादर साठवण्याचा लेख जानेवारीत पाठवा, बाजरीच्या बियाण्याचा एप्रिलमध्ये, पावसाळ्यात सरपण कोरडे ठेवण्याचा मे महिना लागताना. दिवाळी अंकासाठी असेल तर पाऊस सुरू होताच पाठवा. पोळ्याच्या आठवड्यात पोळ्याचा लेख पाठवला तर संपादक बिचारा काय करणार? बियाणे पेरणीनंतर आणण्यासारखे ते आहे.

कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, मोकळ्या ओळींत लिहा. नाव, गाव, पत्ता शेवटी स्पष्ट लिहा. एक प्रत आपल्यापाशी ठेवा. मोबाइलवरून पाठवायचे असेल तर उजेडात, कागद सपाट ठेवून फोटो काढा. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. ते एक जमीन दोघांना बटाईने देण्यासारखे होते. मानधन आले नाही तर दोन महिन्यांनी एक नम्र आठवण जरूर करा. त्यात लाज वाटून घेऊ नका, कष्टाचेच पैसे आहेत. काय पाठवले, काय छापले, काय परत आले आणि काय मिळाले, याची नोंद ठेवा. शेताचा हिशेब ठेवता तसाच.

आणि ‘साभार परत’ला घाबरू नका. कधी जागा नसते, कधी तोच विषय दुसऱ्याने आधी पाठवलेला असतो, कधी आपलेच लिहिणे कच्चे असते. परत आलेला लेख महिनाभर फडताळात ठेवा, मग दुसऱ्याचा आहे असे समजून वाचा. चूक आपोआप दिसते.

दुसरी मनीऑर्डर

आता त्या पारोळ्याकडच्या बाईंची राहिलेली गोष्ट.

मी संपादकांना सगळे खरे लिहून कळवले आणि चुकीची दुरुस्ती छापण्याची विनंती केली. पण नुसती दुरुस्ती न पाठवता त्या बाईंचाच अनुभव त्यांच्या तोंडून लिहून घेतला. पाला ओला कसा होता, धान्य कसे तापले, पुढच्या वर्षी त्यांनी पाला माळ्यावर सावलीत वाळवून कसा घातला आणि दादर श्रावणापर्यंत कशी टिकली, असे सगळे. त्यांची मुलगी लिहीत होती, मी फक्त मधूनमधून ‘किती दिवस?’, ‘किती थर?’ असे विचारत होतो. खाली नाव बाईंचे, गाव बाईंचे.

तो लेख छापून आला. मानधनाची मनीऑर्डर बाईंच्या नावावर गेली. मुलीने मला पत्रात कळवले की, आईने अंगठा उठवला, पैसे घेतले आणि मनीऑर्डरीचा तो कागदाचा तुकडा देवघरात ठेवला. माझ्या नावावर पुढे कितीतरी लेख छापले गेले. पण माझ्या वहीत जमेच्या बाजूला मी सर्वांत वर ती मनीऑर्डर लिहिली आहे. ती माझ्या नावाची नाही.

मायच्या बोरांची युक्तीही मी नंतर पुन्हा एकदा लिहिली. या वेळी खाली तिचे नाव होते. अंक आला त्या दिवशी तिने तो शेजारणीकडून दोनदा वाचून घेतला आणि मग मला म्हणाली, “यात एक राहिलं. बोरं सुकली की मडक्यात भरायच्या आधी एक दिवस घरात गार होऊ द्यायची.” युक्ती कधी पूर्ण होत नाही, हेही तेव्हा कळले.

आखाजी जवळ येईल तेव्हा लेकी माहेरी येतील. झोके बांधले जातील, गाणी होतील, आमरस-पुरणपोळी होईल. दुपारी जेवणे आटोपली की शाळेतल्या पोरीच्या हाती वही-पेन द्या आणि आजीला मध्ये बसवा. तिला विचारा, ‘आजी, तू हे कसं करतेस? किती घेतेस? बिघडलं होतं का कधी?’ दोन गोष्टी जरी उतरल्या तरी पुरेत. खाली आजीचे नाव घाला आणि पाठवून द्या. छापून आले तर आनंदच, साभार परत आले तरी वही घरातच राहील, आणि उद्या नातसून ती उघडेल.

फक्त एक करा. साफ प्रत काढताना ‘एवढं कोणाला कळत नाही?’ असे वाटून एकही शब्द गाळू नका.